युनिव्हर्सवर कंपाइल पुन्हा पुन्हा अडकते: एरर दिसते एका ओळीवर, चूक असते दुसरीकडे

बदल एका ओळीचा असतो. सोर्स कंपाइल करणारी बेसिक आज्ञा दिली की वीस एरर येतात आणि त्यातली एकही बदललेल्या ओळीवर नसते. किंवा नेमकं उलट होतं: कंपाइल सुरळीत पार पडते, पण प्रोग्रॅम कालच्यासारखाच वागत राहतो. पिक घराण्यातल्या मल्टिव्हॅल्यू डेटाबेसवर (ज्यांत एका फील्डमध्ये अनेक किमती ठेवता येतात) काम करणाऱ्यांना हे दोन्ही प्रकार वरचेवर भेटतात. दर वेळी सुरुवातीपासून शोधाशोध होते, कारण मागच्या वेळी कारण काय निघालं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

इथे आधार याच घराण्यातल्या युनिव्हर्सचा धरला आहे. युनिडेटा, डी३ आणि जेबेसमध्ये जे वेगळं आहे ते शेवटी येईल. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन मोठ्या अक्षरांतच द्यायच्या. मेसेजचा अर्थ पुस्तिकेत शोधताना एक लक्षात ठेवा: युनिव्हर्स आणि युनिडेटा २००१ मध्ये इन्फॉर्मिक्सकडून आयबीएमकडे आणि २००९ मध्ये रॉकेट सॉफ्टवेअरकडे गेले. त्यामुळे जुन्या पुस्तिका आयबीएमच्या नावाने आहेत आणि नव्या रॉकेटच्या. बेसिक भाषेपुरता मजकूर बराचसा तोच आहे, तेव्हा हाताशी जुनी प्रत असेल तरी काम भागतं.

सोर्सला हात लावण्याआधी

पहिली शंका सोर्सवर घेऊ नका, जागेवर घ्या. टीसीएल प्रॉम्प्टवर, म्हणजे युनिव्हर्स आज्ञा घेतं तिथे, आधी हू द्या आणि आपण कोणत्या अकाउंटमध्ये आहोत ते पाहा. मग हे:

सीटी व्हॉक बीपी बीपी.ओ

व्हॉक ही अकाउंटमधल्या फाइल आणि आज्ञांच्या नावांची यादी, बीपी ही सोर्सची फाइल आणि बीपी.ओ ही ऑब्जेक्टची, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या कोडची. दोन्हींच्या व्हॉक नोंदीत पहिल्या ओळीवर एफ, दुसऱ्यावर डेटाचा मार्ग आणि तिसऱ्यावर डिक्शनरीचा मार्ग असतो. निरोगी अकाउंटमध्ये दुसऱ्या ओळीवर नुसतं बीपी आणि बीपी.ओ दिसतं, म्हणजे मार्ग अकाउंटच्या डिरेक्टरीपासून धरला जातो. तिथे स्लॅशने सुरू होणारा पूर्ण मार्ग दिसला तर थांबा आणि तो मार्ग अक्षर न् अक्षर वाचा.

हे एवढं जोर देऊन सांगण्याचं कारण आहे. टेस्ट अकाउंट बहुतेक वेळा लाइव्ह अकाउंटची डिरेक्टरी जशीच्या तशी कॉपी करून बनवलेलं असतं. कुणीतरी पूर्वी सेटफाइल वापरून व्हॉकमध्ये पूर्ण मार्ग घातला असेल, तर तो कॉपीतही तसाच येतो. मग टेस्टमध्ये दिलेली बेसिक आज्ञा लाइव्हच्या बीपी.ओ मध्ये ऑब्जेक्ट लिहिते. टेस्टमध्ये काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा कंपाइल करतो, आणि तिकडे लाइव्हवर अर्धवट प्रोग्रॅम चालायला लागतो. नोंद एफ ऐवजी क्यू प्रकारची असेल तरी हाच धोका, कारण क्यू पॉइंटर बहुधा दुसऱ्या अकाउंटकडे बोट दाखवतो. नवं टेस्ट अकाउंट हाती आलं की व्हॉकमधल्या सगळ्या फाइल नोंदी एकदा तपासल्याशिवाय त्यात कंपाइल करू नये.

दुसरी तपासणी परवानगीची. बीपी आणि बीपी.ओ या टाइप १ किंवा १९ च्या फाइल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या साध्या डिरेक्टरी. बीपी.ओ मध्ये लिहिण्याची मुभा तुमच्या युझरला नसेल, तर सोर्स कितीही शुद्ध असला तरी ऑब्जेक्ट तयार होणार नाही. बॅकअपवरून रूट युझरने रिस्टोअर केलेल्या अकाउंटमध्ये हे हमखास घडतं. आतल्या जुन्या ऑब्जेक्ट फाइलची मालकीही पाहा, नुसती डिरेक्टरीची पाहून भागत नाही.

तिसरी गोष्ट आयडीतल्या लहान-मोठ्या अक्षरांची. युनिक्सवर एकच नाव लहान आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं तर त्या दोन वेगळ्या नोंदी असतात. काही अकाउंटमध्ये टर्मिनल अक्षरं उलटी करतं: लहान टाइप केलं की मोठं उमटतं. पीटर्म केस नोइन्व्हर्ट दिलं की हे थांबतं. बाहेरच्या एडिटरने सेव्ह केलेली नोंद एक आणि कंपाइल होतेय ती दुसरीच, हा घोळ इथूनच सुरू होतो.

फक्त पहिली एरर वाचा

कंपाइल चालू असताना दर दहा ओळींमागे स्क्रीनवर एक तारा उमटतो. एरर आली की ओळ क्रमांक, ती ओळ आणि तिच्याखाली टोपीसारखी एक खूण दिसते. पुढे काय अनपेक्षित मिळालं आणि काय अपेक्षित होतं याची यादी असते. ही टोपी कंपायलर जिथे अडखळला ती जागा दाखवते, चुकीची जागा नव्हे. चूक तिथेच असेल, नाहीतर त्याच्या वर असेल. खाली कधीच नाही. एवढं पक्कं केलं तरी अर्धा वेळ वाचतो.

दुसऱ्या एररपासून पुढच्या सगळ्या बहुधा पहिलीच्याच पोटातून आलेल्या असतात. एक अवतरणचिन्ह सुटलं की पुढचं सगळं गणित बिघडतं. म्हणून पहिली दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा, मग उरलेल्या पाहा. एका दमात वीस ओळी बदलणारा माणूस त्यातल्या चांगल्या ओळीही बिघडवून बसतो.

वॉर्निंग मात्र सगळ्या वाचायच्या. वॉर्निंग आली तरी ऑब्जेक्ट तयार होतो आणि शेवटी कंपाइल पूर्ण झाल्याचा मेसेज येतो, म्हणून त्या कुणी पाहत नाही. प्रत्यक्षात या भाषेतल्या सगळ्यात महागड्या चुका एररमध्ये नसतात, वॉर्निंगमध्ये असतात.

एक एंड कमी, एक एंड जास्त

हा प्रकार सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा जवळून पाहू.

०१ ओपन '', 'ऑर्डर्स' टू एफ.ऑर्डर एल्स स्टॉप
०२ टोटल = ०
०३ फॉर आय = १ टू एन
०४ रीड रेक फ्रॉम एफ.ऑर्डर, आयडीज<आय> एल्स
०५ रेक = ''
०६ टोटल = टोटल + रेक<७>
०७ नेक्स्ट आय
०८ प्रिंट टोटल
०९ एंड

चौथी ओळ एल्सवर संपते. एल्स किंवा देन ओळीच्या शेवटी आलं की तिथे ब्लॉक उघडतो आणि त्याला स्वतःचा एंड लागतो. पहिल्या ओळीत एल्सनंतर त्याच ओळीवर स्टॉप आहे, म्हणून तिथे ब्लॉक नाही आणि एंडही नको. चौथ्या ओळीचा एंड पाचव्या ओळीनंतर हवा होता, तो राहिला. कंपायलर सहावी ओळ बिनतक्रार वाचतो, कारण ब्लॉकमध्ये ती बसते. अडखळतो तो सातव्या ओळीवर, नेक्स्टपाशी: उघड्या ब्लॉकमध्ये हे कुठून आलं? माणूस सातवी ओळ न्याहाळत बसतो आणि तिच्यात काहीच वावगं सापडत नाही.

आता याच प्रोग्रॅममधून फॉर आणि नेक्स्ट काढून टाका. मग एररच येत नाही. शेवटचा एंड गुपचूप एल्सचा ब्लॉक बंद करतो, आणि टोटलची ओळ व प्रिंट फक्त रेकॉर्ड न सापडल्यावर चालतात. कंपायलर एवढंच सांगतो: वॉर्निंग, फायनल एंड स्टेटमेंट नॉट फाउंड. बाकी कंपाइल यशस्वी. ही वॉर्निंग म्हणजे वर कुठेतरी एक एंड कमी आहे असं समजा. प्रोग्रॅमच्या तळाला अजून एक एंड चिकटवून वॉर्निंग घालवणं हा सर्वांत वाईट उपाय. त्याने लक्षण जातं आणि चूक कायमची गाडली जाते.

याची जुळी बहीण म्हणजे टेक्स्ट फाउंड आफ्टर फायनल एंड स्टेटमेंट. इथे एक एंड जास्त झाला आहे. कंपायलरने तो मधला एंडच प्रोग्रॅमचा शेवट धरला आणि पुढचा मजकूर सोडून दिला. खालच्या भागात गोसबची (प्रोग्रॅममधल्याच उपविभागाला बोलावणाऱ्या आज्ञेची) लेबलं असतील तर ती सापडत नाहीत अशा एररची रांग लागते. अशा वेळी लेबलांच्या मागे धावू नका. आठशे ओळींच्या प्रोग्रॅमला बारा-पंधरा ताऱ्यांतच पूर्णविराम मिळाला असेल, तर जास्तीचा एंड पहिल्या दीडशे ओळींत आहे हे ताऱ्यांनीच सांगितलं.

नेमका एंड शोधायला इंडेंटेशनचा आधार घ्या. युनिव्हर्समध्ये फॉरमॅट ही आज्ञा आहे:

फॉरमॅट बीपी ओआरडी.टोटल

ती सोर्सची मांडणी ब्लॉकप्रमाणे आत-बाहेर सरकवते. आधी नोंदीची कॉपी काढा आणि फॉरमॅट त्या कॉपीवर चालवा, म्हणजे मूळ सोर्सच्या इतिहासात नको तो फरक पडणार नाही. फॉरमॅट झालेली कॉपी वरून खाली वाचत या. जिथे ओळी अपेक्षेपेक्षा एक पायरी आत राहिल्या, त्याच्या लगेच वर एंड राहिला आहे. जिथे मधूनच डाव्या कडेला आल्या, तिथे जास्तीचा आहे. केस, लूप आणि फॉर यांच्या जोड्याही याच नजरेत तपासून होतात.

ॲरे नेव्हर डायमेन्शन्ड

हा मेसेज नवख्याला पार गोंधळात टाकतो, कारण प्रोग्रॅममध्ये त्या नावाचा ॲरे कुठेच नसतो. नावापुढे कंस दिसला आणि ते नाव भाषेच्या ठरलेल्या फंक्शनांत नसेल, तर कंपायलर त्याला डिम आज्ञेने आधी आकार ठरवलेला ॲरे समजतो. म्हणून याची तीन कारणं संभवतात. स्वतः लिहिलेलं फंक्शन असेल तर प्रोग्रॅमच्या माथ्यावर डेफफनची (ते फंक्शन जाहीर करणारी) ओळ राहिली आहे. भाषेतलं फंक्शन असेल तर स्पेलिंग चुकलं आहे, किंवा ते दुसऱ्या मल्टिव्हॅल्यू प्रणालीतलं आहे आणि इथे नाहीच. आणि डायनॅमिक ॲरेला टोकदार कंसाऐवजी गोल कंस लावला असेल तरी हेच होतं; रेक<७> लिहायचं ते गोल कंसात लिहिलं गेलं.

यालाच लागून व्हेरिएबल नेव्हर असाइन्ड अ व्हॅल्यू ही वॉर्निंग येते. दहातल्या नऊ वेळा ती टायपिंगची चूक असते: एकीकडे ओआरडी.टोट, दुसरीकडे ओआरडी.टोटल. दुर्लक्ष केलं तर प्रोग्रॅम चालताना रिकाम्या किमतीवर गणित होतं, शून्य धरलं जातं आणि रिपोर्ट चुकतो. नावात जोडरेघ वापरली असेल तर तेही इथेच उघडं पडतं, कारण जोडरेघ म्हणजे वजाबाकी. या भाषेत नाव जोडायला टिंब वापरतात ते याचसाठी.

बाहेरून आलेली अदृश्य अक्षरं

एडिटरमध्ये ओळ निर्दोष दिसते, तीच ओळ हाताने पुन्हा टाइप केली की कंपाइल होते. असं झालं की समजा, डोळ्यांना न दिसणारं अक्षर आत आहे.

विंडोजवर लिहून युनिक्सवर आणलेल्या सोर्समध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ क्रमांकाचं कॅरेज रिटर्न राहतं. युनिव्हर्स ओळ बदलाच्या १० क्रमांकाच्या अक्षराला वाचताना फील्ड मार्क, म्हणजे दोन फील्ड वेगळं करणारं २५४, करतं. पण १३ ला हात लावत नाही. मग ओळीओळीच्या टोकाला एरर येते आणि फक्त कॉमेंटच्या ओळी सुटतात. एरर अशा पसरलेल्या दिसल्या की दुसरा विचारच नको. ही कटकट बऱ्याच ठिकाणी एफटीपी बंद करून एसएफटीपी आणल्यावर सुरू होते: एफटीपीची टेक्स्ट पद्धत ओळींची टोकं आपोआप बदलून देत असे, एसएफटीपी फाइल जशीच्या तशी नेते. सोर्स गिटमध्ये असेल तर ऑटोसीआरएलएफची सेटिंगही पाहा.

खात्री करायला ईडी या युनिव्हर्सच्या एडिटरमध्ये नोंद उघडा, नुसती टोपीची खूण टाइप करून एंटर द्या आणि ओळी दाखवा. न दिसणारी अक्षरं आता टोपी आणि तीन अंकी क्रमांकाने दिसतात. ओळीच्या शेवटी ०१३ दिसलं की निदान झालं. उपाय ऑपरेटिंग सिस्टिमवर करा: डॉसटूयुनिक्स असेल तर ते, नसेल तर टीआरने १३ काढून टाकून नवी फाइल बनवा. हे फक्त बीपीसारख्या डिरेक्टरी फाइलमध्ये करायचं. हॅश फाइलवर, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या बांधणीतल्या फाइलवर, अशी बाहेरची साधनं चालवली तर ती फाइल खराब होते.

दुसरा पाहुणा म्हणजे गोलाईदार अवतरणचिन्ह. ईमेल, वर्ड किंवा चॅटमधून कोडचा तुकडा चिकटवला की सरळ अवतरणांच्या जागी वळणदार येतात. जुन्या विंडोज कोडपेजमध्ये ती १४५ ते १४८ या क्रमांकांची असतात, यूटीएफ-८ मध्ये २२६, १२८ आणि मग १५२, १५३, १५६ किंवा १५७. लांब आडवी रेघही अशीच येते आणि वजाबाकीचं चिन्ह म्हणून बसते. न तुटणारी मोकळी जागा तर सर्वांत चोरटी: साध्या कोडपेजमध्ये १६०, यूटीएफ-८ मध्ये १९४ आणि १६०. ईडीच्या त्याच टोपी पद्धतीत हे सगळं उघडं पडतं.

अवतरणांचाच विषय आहे तर अजून एक. या भाषेत स्ट्रिंगला एकेरी आणि दुहेरी अवतरणांखेरीज उलटा स्लॅशही चालतो. विंडोजचा मार्ग अवतरणांत नीट बंदिस्त असेल तर काही होत नाही, पण अवतरणाबाहेर पडलेला एक उलटा स्लॅश नवी स्ट्रिंग उघडतो आणि उरलेली ओळ गिळतो.

प्रोग्रॅममध्ये मराठी मजकूर घालायचा असेल तर तो डेटाच्या मार्कना धडकेल अशी भीती बाळगायचं कारण नाही. मार्कसाठी २५१ ते २५५ हे बाइट राखीव आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये ते कधीच येत नाहीत. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह २२४ ने सुरू होणाऱ्या तीन बाइटचं असतं. अडचण लांबीची आहे. एनएलएस, म्हणजे युनिव्हर्सची बहुभाषिक अक्षरांची सोय, बंद असेल तर 'नाव' या शब्दाची लांबी लेन फंक्शन ९ सांगतं, कारण न, काना आणि व यांचे प्रत्येकी तीन बाइट होतात. तिथे पहिली दहा अक्षरं कापून घेणारा जुना कोड चौथ्या चिन्हाच्या मधोमध कात्री चालवतो आणि छापील नमुन्यावर चौकोन उमटतात. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही.

इन्क्लूड आणि कॉमन

इन्क्लूड (प्रोग्रॅममध्ये ओढून घ्यायची दुसरी नोंद) सापडत नाही अशी एरर आली तर आधी वाक्यरचना पाहा. फाइलचं नाव दिलं नसेल तर कंपायलर इन्क्लूडची नोंद सोर्सच्याच फाइलमध्ये शोधतो. प्रोग्रॅम बीपीमधून दुसऱ्या फाइलमध्ये हलवला की तो मोडतो तो यामुळे. फाइलचं नाव दिलं असेल तर ते चालू अकाउंटच्या व्हॉकमध्ये असलं पाहिजे.

याहून गंभीर प्रकार तो, ज्यात एरर येतच नाही. कॉमनमधली, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वाटून वापरतात ती, व्हेरिएबल नावाने जुळत नाहीत, क्रमाने जुळतात. चाळीस व्हेरिएबलांच्या कॉमन इन्क्लूडमध्ये मध्येच एक नवं नाव घातलं आणि ज्या प्रोग्रॅमसाठी घातलं तेवढाच कंपाइल केला, तर बाकीचे प्रोग्रॅम जुन्याच क्रमाने चालतात. ग्राहकाच्या क्रमांकाच्या जागी तारीख येते, दराच्या जागी नग. नवं नाव नेहमी यादीच्या शेवटी घाला, आणि तरीही ते इन्क्लूड वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करा. वापरणारे कोण हे युनिक्सवर बीपी डिरेक्टरीत ग्रेपने इन्क्लूडचं नाव शोधून मिळतं. प्रोग्रॅमच्या फाइल एकाहून जास्त असतील तर प्रत्येकीत शोधा.

कॉल केलेल्या सबरूटीनचे आर्ग्युमेंट किती हेही कंपायलर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन मोजत नाही. सबरूटीनला एक आर्ग्युमेंट वाढवलं की तिला बोलावणारे सगळे शोधून बदलावे लागतात. राहिलेला एखादा वर्षाअखेरीच्या रनमध्येच पडतो.

फ्लेव्हर

दुसऱ्या साइटवर चालणारा प्रोग्रॅम इथे का कंपाइल होत नाही, याचं उत्तर पुष्कळदा अकाउंटच्या फ्लेव्हरमध्ये, म्हणजे ते कोणत्या प्रणालीसारखं वागतं त्यात, असतं. पिक, इन्फर्मेशन, रिॲलिटी, आयडियल वगैरे फ्लेव्हर अकाउंट बनवतानाच ठरतात. सीटी व्हॉक रेललेव्हल दिलं की तिसऱ्या ओळीवर ते कळतं.

सगळ्यात जास्त भोवतं ते लोकेट, म्हणजे ॲरेत किंमत शोधणारी आज्ञा. पिक पद्धतीत सगळं गोल कंसात, मध्ये अर्धविराम. इन्फर्मेशन पद्धतीत इन, बाय आणि सेटिंग हे शब्द. कंसाचा प्रकार चुकला तर निदान एरर तरी येते. शब्दांचा प्रकार मात्र एकाहून जास्त फ्लेव्हरमध्ये कंपाइल होतो आणि शोध सुरू करण्याची जागा वेगळी धरतो. म्हणून बाहेरून आलेल्या प्रोग्रॅमच्या माथ्यावर डॉलर ऑप्शन्सची ओळ लिहून तो ज्या फ्लेव्हरसाठी लिहिला ते स्पष्ट करा. अकाउंटचं फ्लेव्हर बदलायच्या भानगडीत पडू नका. एका प्रोग्रॅमसाठी बाकी शेकडो प्रोग्रॅमचा अर्थ बदलतो.

कंपाइल झालं, तरी जुनंच चालतं

इथे प्रश्न कॅटलॉगचा, म्हणजे प्रोग्रॅम नावाने बोलावता यावा म्हणून केलेल्या नोंदीचा, असतो. युनिव्हर्समध्ये प्रोग्रॅम तीन प्रकारे कॅटलॉग होतो. लोकल कॅटलॉगमध्ये व्हॉकमधली नोंद थेट बीपी.ओ कडे बोट दाखवते, म्हणून नवी कंपाइल लगेच लागू होते. नॉर्मल आणि ग्लोबल कॅटलॉगमध्ये ऑब्जेक्टची कॉपी युनिव्हर्सच्या मुख्य डिरेक्टरीतल्या कॅटडिरमध्ये जाते. नॉर्मलची नोंद तारा, अकाउंटचं नाव, तारा, प्रोग्रॅमचं नाव अशी असते. ग्लोबलचं नाव तारा, वजा, डॉलर किंवा उद्गारचिन्हाने सुरू होतं. या दोन्हींत कंपाइल केल्यावर कॅटलॉग आज्ञा पुन्हा द्यावी लागते. नाही दिली तर बीपी.ओ मध्ये नवा ऑब्जेक्ट पडून राहतो आणि कॅटडिरमधला जुना चालत राहतो.

अंदाज बांधत बसू नका, व्हीकॅटलॉग वापरा. ती आज्ञा कॅटलॉगमधला ऑब्जेक्ट आणि फाइलमधला ऑब्जेक्ट ताडून पाहते. कोणतं नाव कोणत्या प्रकारे कॅटलॉग झालं आहे हे मॅप आज्ञेत आणि व्हॉकच्या नोंदीत दिसतं. एकच नाव पूर्वी ग्लोबल आणि नंतर लोकल असं दोन्हीकडे राहिलेलं आढळलं तर जुनं काढून टाका: लोकलसाठी डीकॅटलॉग, कॅटडिरमधल्यासाठी डिलीट.कॅटलॉग. इनिशियलाइझ.कॅटलॉग ही आज्ञा नावावरून निरुपद्रवी वाटते, पण ती अख्खा सिस्टिम कॅटलॉग रिकामा करते. ती देऊ नका.

कॅटलॉग ताजा असूनही फरक दिसत नसेल तर सेशन पाहा. मेन्यूमधून बाहेर न पडलेल्या युझरच्या प्रोसेसमध्ये सबरूटीनची जुनी प्रत चढलेली असते. त्याने टीसीएलवर परत यायला हवं. खात्रीचा मार्ग म्हणजे लॉगआउट करून पुन्हा लॉगिन. ग्लोबल प्रोग्रॅम शेअर्ड मेमरीत चढवले असतील तर युनिव्हर्स बंद करून सुरू केल्याशिवाय नवा येणार नाही.

कॅटलॉगला फोर्स हा शब्द लावायची सवय टाळा. व्हॉकमध्ये त्याच नावाची नोंद आधीपासून असेल तर फोर्स न विचारता तिच्यावर लिहितो. प्रोग्रॅमचं नाव एखाद्या व्हर्बशी (टीसीएलच्या आज्ञेशी) जुळलं की ती व्हर्ब त्या अकाउंटपुरती गेली. असं झालंच तर न्यूॲक फाइलमध्ये मूळ व्हॉकची प्रत असते. तिथून तेवढी एक नोंद ओव्हररायटिंग शब्द लावून व्हॉकमध्ये कॉपी करा.

वजा टी हा कंपाइलचा पर्याय ऑब्जेक्टमधून ओळ क्रमांकांची सारणी काढून टाकतो. डिस्क महाग होती तेव्हाची ही काटकसर. आज त्यामुळे एवढंच होतं की चालताना आलेली एरर कोणत्या ओळीची ते कळत नाही. जुन्या कंपाइल स्क्रिप्टमध्ये तो सापडला तर काढून टाका.

सगळं एकदम कंपाइल करताना

आवृत्ती बदलली किंवा मशीन बदललं की अख्खी फाइल पुन्हा कंपाइल करणं उत्तम. त्याआधी आउटपुट पकडायची सोय करा:

कोमो ऑन कंपाइल.लॉग
बेसिक बीपी *
कोमो ऑफ

सगळा मजकूर अँपरसँड कोमो अँपरसँड या फाइलमध्ये जमा होतो. त्यात नो ऑब्जेक्ट कोड आणि वॉर्निंग हे दोन शब्द शोधा. इन्क्लूडच्या नोंदी बीपीमध्येच ठेवल्या असतील तर त्याही स्वतंत्र प्रोग्रॅम समजून कंपाइल होतात, खोट्या एरर येतात आणि त्यांच्या गर्दीत खरी हरवते. इन्क्लूडसाठी वेगळी फाइल ठेवण्याचं सर्वांत व्यवहारी कारण हेच. पहिल्या स्वच्छ रनचा लॉग जपून ठेवा आणि पुढच्या रनचा त्याच्याशी डिफ करा. शंभर जुन्या वॉर्निंगांमधली एक नवी तेवढ्याने वेगळी दिसते.

इतर प्रणालींबद्दल थोडक्यात

युनिडेटा, ज्यावर अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांची कलीग प्रणाली चालते, तिथे ऑब्जेक्ट वेगळ्या फाइलमध्ये जात नाही. तो बीपीमध्येच, नावाआधी अंडरस्कोर लावून बसतो. म्हणून तिथे ग्रेप करताना अंडरस्कोरवाल्या नोंदी वगळा. फ्लेव्हरच्या जागी तिथे बेसिकटाइप आहे आणि तो सोर्सच्या माथ्यावर डॉलर बेसिकटाइप लिहून बांधता येतो. चालू सेशनमध्ये नवा ऑब्जेक्ट घ्यायला न्यूपीकोड आज्ञा आहे, लॉगआउट करावं लागत नाही.

डी३ मध्ये कंपाइलला ओ पर्याय दिला की फ्लॅशबेसिकचा, म्हणजे जलद चालणारा, ऑब्जेक्ट बनतो. फ्लॅश केलेला आणि न केलेला प्रोग्रॅम एकमेकांना कॉल करू शकत नाहीत. तेव्हा एकच सबरूटीन घाईत पर्याय न देता कंपाइल केली तर ती कंपाइल होते आणि पहिल्या कॉलला पडते. टीममध्ये एकच पद्धत ठरवा.

जेबेस सोर्सचं सी भाषेत रूपांतर करून मशीनवरच्या सी कंपायलरकडे देतो. नव्या सर्व्हरवर एकही प्रोग्रॅम कंपाइल होत नसेल, अगदी एका प्रिंटचासुद्धा, तर सोर्स वाचत बसू नका. सी कंपायलर बसवला आहे का आणि तुमच्या युझरच्या पाथमध्ये तो आहे का, एवढं पाहा. तो मिळत असेल तर पुढे लायब्ररी आणि बिनच्या डिरेक्टरी दाखवणारे जेबीसीडेव्ह.लिब व जेबीसीडेव्ह.बिन हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तपासा. त्यांच्या नावात टिंबाच्या जागी अंडरस्कोर असतो. ते लाइव्हच्या डिरेक्टरीकडे बोट दाखवत असतील तर कॅटलॉग आज्ञा देण्याआधी ते बदला.